चामड्याच्या वायसरची मूठ सैल झालीय, जुना मार्क टू चाकू, घट्ट कशी करायची?

सिराक्यूजकर

नमस्कार मंडळी. आमच्या शेजारच्या आजोबांनी घर विकायच्या आधी गॅरेज रिकामं करताना मला एक चाकू दिला, त्यांच्या थोरल्या भावाचा, तो दुसऱ्या महायुद्धात नेव्हीत होता. पात्यावर मुठीला लागून एका बाजूला कॅमिलस एनवाय आणि दुसऱ्या बाजूला यूएसएन मार्क टू (यूएस नेव्हीचा युद्धातला चाकूचा नमुना) असं कोरलंय. कॅमिलस हे गाव माझ्या घरापासून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर, तिथला हा चाकूंचा कारखाना २००७ साली बंद पडला, त्यामुळे ही वस्तू हातात आल्यावर मला फार आनंद झाला आणि ती नीट करून वापरात ठेवायची मनापासून इच्छा आहे.

आता प्रॉब्लेम. मूठ म्हणजे चामड्याच्या गोल-लांबट चकत्या एकावर एक ओवलेल्या आहेत, त्या सगळ्या वाळून आक्रसल्यात. मूठ धरून पातं हलवलं की खुळखुळ आवाज येतो आणि मधल्या सात-आठ चकत्या बोटाने फिरवल्या तर चक्क फिरतात. थंडीत घरात फर्नेस चालू असतं तेव्हा फट जास्त दिसते, जुलैमध्ये दमट हवेत जरा कमी होते. पातं ठीक आहे, थोडे काळे डाग आहेत, गंज खोल नाही.

इथल्या एका दुकानात विचारलं तर ते म्हणाले अख्खी मूठ रात्रभर तेलात बुडवून ठेव, फुगेल आणि घट्ट होईल. करावं का? की ग्लू घालू? माझ्याकडे छोटा व्हाइस, दोन क्लॅम्प, कानस, पॉलिश पेपर एवढं आहे. चाकू काचेच्या कपाटात ठेवायचा नाहीये, वर्षातून एकदोनदा अ‍ॅडिरॉन्डॅकच्या डोंगरात कॅम्पिंगला जातो तेव्हा लाकडाच्या ढलप्या काढायला, दोरी कापायला न्यायचाय. पण खराबही करायचा नाहीये.

---

ऐरण_हातोडा

सुंदर वस्तू मिळाली आहे तुम्हाला. तेलात अजिबात बुडवू नका, त्याचं कारण खाली लिहितो, पण त्याआधी दोन गोष्टी बघून सांगा म्हणजे नेमकं बोलता येईल.

आधी पात्याला जाड मास्किंग टेप गुंडाळा, दोन थर तरी, कारण यापुढचं सगळं काम करताना तुमचा हात पात्याजवळ जाणार आहे. मग मूठ उलटी करून मागचं लोखंडी टोपण बघा. टोपणाच्या बरोबर मध्ये चौकोनी किंवा लांबट ठोकलेला ठिपका दिसतोय का? दिसत असेल तर पात्याची शेपटी मुठीतून आरपार येऊन टोपणाबाहेर ठोकून पसरवलेली आहे, म्हणजे रिबीट मारल्यासारखी. आणि टोपणाच्या कडेला, बाजूला, बारीक गोल ठिपका असेल तर आडवी पिन आहे. युद्धातल्या बऱ्याच चाकूंना ठोकलेली शेपटी असते, आजच्या का-बारला (याच नमुन्याचा, आजही बनणारा चाकू) आडवी पिन असते. या एका गोष्टीवर पुढचा सगळा मार्ग ठरतो.

दुसरं, नक्की काय हलतंय ते वेगवेगळं तपासा. फक्त चकत्या फिरतात, की पुढचा आडवा गार्डही डुगडुगतो, की मागचं टोपणच सैल आहे? टोपण पक्कं असेल आणि फक्त चकत्या फिरत असतील तर काळजीचं कारण नाही, शेपटी शाबूत आहे आणि चामड्याची लांबी कमी पडलीय एवढंच. टोपण हलत असेल तर आत शेपटी गंजून बारीक झाली असण्याची शक्यता असते, मग तो चाकू काम करायचा राहत नाही, नुसता जपून ठेवायचा.

आता हा प्रॉब्लेम मुळात का होतो. कारखान्यात या चकत्या शेपटीवर चढवून जोरात दाबतात आणि त्या दाबाखालीच मागचं टोपण बसवतात. म्हणजे मूठ घट्ट राहते ती चामड्याच्या उलट्या दाबामुळे, चिकटवल्यामुळे नाही. चामड्यातलं पाणी वर्षानुवर्षं उडत गेलं की प्रत्येक चकती केसभर पातळ होते, आणि वीसेक चकत्यांचं केसभर मिळून दोन मिलिमीटर कधी होतं कळत नाही. तेल घातल्याने ही गेलेली जाडी अगदी थोडीशीच परत येते. तेल जास्त झालं तर चामडं मऊ पडतं, दाबाला उलटा जोर देत नाही, आणि मूठ हातात लिबलिबीत लागते. शिवाय तेल प्यायलेल्या चामड्याला नंतर कुठलाच ग्लू धरत नाही, म्हणजे पुढचे सगळे रस्ते बंद.

---

मॅडी_७९

एवढं कशाला, पातळ फेविक्विक चकत्यांच्या सांध्यात थेंब थेंब सोडा, आपोआप आत ओढला जातो, पाच मिनिटांत दगड. मी माझ्या हंटिंग नाइफला केलंय आणि वर्षभर काही झालं नाही.

---

ऐरण_हातोडा

@मॅडी_७९ साध्या आजच्या चाकूला चालेल, मी नाही म्हणत नाही. पण इथे नको. सुपरग्लू चामड्यात शिरला की तेवढा भाग प्लास्टिकसारखा कडक होतो, काळपट डाग पडतो, तो कधीही निघत नाही, आणि पुढे कुणाला ही मूठ नीट उघडून दुरुस्त करायची असेल तर त्याचा हात बांधला जातो. शिवाय फट तशीच राहते, तुम्ही फक्त सैल चकत्या एकमेकींना चिकटवल्या. ढलप्या काढताना मुठीवर पिळाचा जोर येतो, त्या वेळी तो कडक भाग तडकतो. ऐंशी वर्षं टिकलेल्या वस्तूला असं काही करू नये जे परत उलटवता येत नाही.

---

पायताण_कोल्हापूर

राम राम. मी चाकूवाला न्हाई, आमच्या घरात तीन पिढ्या चपलांचं काम, पण चामडं चामडंच असतंय म्हणून लिहितो.

सिराक्यूजकर भाऊ, तुमच्या चकत्या बघायला पाहिजेत पण फोटो न बघताही सांगतो, त्या सालीवर पकवलेल्या चामड्याच्याच असणार, कारण क्रोमचं (क्रोमियमच्या क्षारात पकवलेलं) चामडं असलं तर ते दाबलं की स्पंजसारखं बसतंय, त्याची अशी मूठ कुणी करत न्हाई. आमच्याकडं कोल्हापुरी चपलेचा तळ जो असतो तो म्हशीच्या कातड्याचा, बाभळीची साल आणि हिरड्याच्या पाण्यात पकवलेला. जुन्या पद्धतीत कातडं पिशवीसारखं शिवून त्यातच ते पाणी भरून टांगतात, हळूहळू पाणी कातड्यातनं झिरपतंय. असं चामडं कडक, भरीव, आणि ओलं केलं की हवा तो आकार घेतंय अन् वाळल्यावर तोच आकार धरून ठेवतंय. हाच गुण तुम्हाला पाहिजे.

तर पहिलं काम, तेल नको, ग्लू नको, आधी साफ करा. जुनं मेण, घाम, मळ यांचा वर थर बसलेला असतो. किंचित ओल्या फडक्यानं आणि सॅडल सोपनं (चामडं साफ करायच्या साबणानं) पुसा. निथळतं पाणी नको, मुठीच्या आत लोखंड आहे, पाणी आत गेलं तर ते तिथंच बसून गंजवणार. साफ करून सावलीत दोनतीन दिवस ठेवा. हीटरपुढं, हेअर ड्रायरखाली बिलकुल न्हाई. ओलं चामडं गरम केलं की आक्रसतंय आणि मग लाकडागत कडक होऊन तडकतंय, ते परत कधी सरळ होत न्हाई.

दुसरं काम, फट किती हाय ते मोजा. सगळ्या चकत्या अंगठ्यानं गार्डकडं ढकला आणि मागं जी मोकळी जागा उरते तिथं पोस्टकार्ड, जाड पुठ्ठा असं घालून बघा. अर्धा मिलिमीटर किंवा त्याच्या आत असली तर नुसत्या तेलावर भागू शकतंय. नीट्सफूट ऑइलचा (गुरांच्या पायाच्या हाडांपासून काढलेलं, चामड्याला लावायचं तेल) बोटावर घेऊन पातळ हात, एक दिवस थांबा, परत पातळ हात, बस. चामडं थोडं फुगून बसतंय. मिलिमीटरच्या वर असली तर नवी चकतीच घालावी लागणार, त्याला पर्याय न्हाई.

आता नवी चकती, टोपण न काढता. इथं आमची विद्या कामाला येते म्हणून जरा सविस्तर लिहितो. फट दोन मिलिमीटर असली तर तीन मिलिमीटर जाडीचं चामडं घ्या, कारण ते दबणार हाय आणि दबूनच घट्ट बसणार हाय. मुठीच्या आकारापेक्षा सगळीकडनं दोन मिलिमीटर मोठी चकती कापा, मध्ये शेपटीच्या मापाची खाच, आणि ती खाच एका बाजूनं उघडी ठेवा, घोड्याच्या नालेसारखी. मग उघड्या बाजूच्या दोन टोकांची फक्त आतली कड रापीनं (चामडं कापायच्या हत्यारानं) तासून पातळ करा, तासलं न्हाई तर ती आत शिरताना दुमडते. चकती कोमट पाण्यात एक मिनिट बुडवून काढा, फडक्यात दाबून जादा पाणी टिपून घ्या. हातात धरली तर वाकली पाहिजे पण पाणी सुटता कामा नये. मग फटीत लाकडाची पातळ पाचर घालून जागा उघडी करा आणि दुसऱ्या बाजूनं चकती सरकवा. शेपटीवर बरोबर बसली की आवाज बदलतोय, खुळखुळ थांबते. पाचर काढा. जाड एक घालण्यापेक्षा पातळ दोन घालायच्या असल्या तर एकीचं तोंड वर आणि दुसरीचं खाली ठेवा, म्हणजे उघडी बाजू एका रेषेत येत न्हाई.

लोखंडी रापी, लोखंडी कानस ओल्या चामड्याला लागली की काळे डाग पडतात, सालीतलं पाणी आणि लोखंड भेटलं की शाईच तयार होते, हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) घालून पूर्वी शाई करायचे तेच हे. म्हणून हत्यार कोरडं आणि घासून स्वच्छ करूनच हाती घ्या. तुमच्या गार्डजवळच्या चकत्या मधल्यापेक्षा काळ्या असतील तर त्याचं कारणही हेच, लोखंडाला लागून राहिल्यात.

---

बेसाल्ट_ताई

माझा अनुभव चाकूचा नाही, हातोडीचा आहे, पण चामड्याची मूठ तीच म्हणून लिहिते. मी भूगर्भशास्त्रवाली, आमच्या फील्डवर्कला इस्टविंगची चामड्याच्या मुठीची हातोडी असायची, इलिनॉयमधल्या रॉकफोर्डची कंपनी, १९२३ पासूनची. त्यातही अशाच चकत्या दांड्यावर ओवलेल्या असतात आणि वरून व्हार्निशसारखं कोटिंग असतं. सह्याद्रीत एप्रिल-मे महिन्यांत दिवसभर उन्हात काळ्या पाषाणावर ठेवलेली हातोडी आणि मग जूनमध्ये पाऊस, अशा चक्रातून गेली की ते कोटिंग आधी हाताच्या घामाने झिजतं आणि मग चामडं उघडं पडून वाळायला लागतं.

सांगायचा मुद्दा असा की तुमच्या मुठीवर जुन्या लॅकरचा थर अजून असेल तर तेल वर वर नुसतं पसरेल आणि तुम्ही म्हणाल तेल पीत नाही म्हणजे चामडं ठीक आहे. तसं नसतं. कडेला, सांध्यात एक थेंब टाकून बघा, तो लगेच आत गेला आणि वर तसाच राहिला तर लॅकर आहे. लॅकर खरवडून काढायची गरज नाही, झिजलेल्या जागीच काळजी घ्या.

आणि फर्नेसचं तुम्ही लिहिलंय ते खूप महत्त्वाचं आहे असं मला वाटतं. न्यूयॉर्कच्या वरच्या भागात हिवाळ्यात गरम घरातली हवा वाळवंटासारखी कोरडी होते, त्यामुळे आत्ता जानेवारीत फट मोजून जाड चकती बसवलीत तर ती जुलैच्या दमट हवेत फुगून मुठीवर नको तेवढा दाब आणेल. फट मोजायची असेल तर मधल्या ऋतूत, एप्रिलच्या आसपास मोजा, किंवा मूठ आठवडाभर ह्युमिडिफायर असलेल्या खोलीत ठेवून मग मोजा.

---

सिराक्यूजकर

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. सगळं तपासलं. टोपणाच्या मध्ये लांबट ठोकलेला ठिपका आहे, बाजूला पिन नाही. टोपण एकदम पक्कं, गार्डसुद्धा हलत नाही, फक्त चकत्या. साफ केल्यावर बराच काळा मळ निघाला आणि खाली पाच बारीक खाचा दिसायला लागल्या ज्या आधी दिसतच नव्हत्या. दमट खोलीत ठेवून मोजली, फट सव्वा-दीड मिलिमीटर.

ऐरणदादा, ठोकलेली शेपटी आहे तर व्हाइसमध्ये धरून ती वरून परत ठोकून टोपण थोडं खाली बसवता येईल का? एकाने तसा सल्ला दिलाय. आणि पायताणभाऊ, इथे तसलं चामडं कुठल्या नावाने मागायचं?

---

ऐरण_हातोडा

टोपण पक्कं आहे ही उत्तम बातमी. ठोकायचा सल्ला तंत्राच्या दृष्टीने चूक नाही. पातं लाकडाच्या दोन तुकड्यांत व्हाइसला धरून शेपटीच्या टोकावर गोल डोक्याच्या छोट्या हातोडीने हलके ठोके मारले की लोखंड पसरतं आणि टोपण किंचित खाली बसतं. पण त्याने मिळतात तीन-चार दशांश मिलिमीटर, तुमची फट दीड. तेवढी भरून काढायला इतकं ठोकावं लागेल की जुनं टोक तडकेल. आणि कानशीने ते टोक घासून टोपण उघडायचं म्हटलं तर परत पसरवायला शेपटी उरणारच नाही, आखूड पडते. टोपणाला हात लावू नका.

तुमच्यासाठी पायताणभाऊंची उघड्या तोंडाची चकती हाच मार्ग. अमेरिकन मरीन कोअरने हा नमुना २३ नोव्हेंबर १९४२ ला स्वीकारला, नेव्हीने त्यालाच मार्क टू म्हटलं, आणि कॅमिलस, युनियन कटलरी, रॉबेसन, पाल अशा कारखान्यांनी युद्धाच्या काळात ते प्रचंड संख्येने बनवले. तुमच्या चाकूवर शिक्का स्पष्ट आहे, गार्ड-टोपण मूळचं आहे, तेव्हा जुन्या चकत्या सगळ्या राहू द्या, फक्त एक नवी घाला आणि ती अशी घाला की उद्या कुणाला काढायची झाली तर टाचणीने ओढून काढता येईल. म्हणजे ग्लू नको. दाबाने बसली तर ग्लूची गरजच पडत नाही. आणि पॉलिश पेपर मारताना फक्त नव्या चकतीवर मारायचा, जुन्यांवर दोन्ही बाजूंना टेप लावून. जुन्या चकत्यांवर ऐंशी वर्षांच्या हातांची झळाळी चढलीय, ती गेली की परत येत नाही.

---

पायताण_कोल्हापूर

भाऊ, तिकडं व्हेज टॅन म्हणून मागा, म्हणजे सालीवर पकवलेलं. सेंट लुइसच्या हर्मन ओक टॅनरीचं चामडं चांगलं असतंय असं आमच्याकडचे परदेशी ऑर्डरवाले सांगतात, १८८१ पासूनची टॅनरी हाय. दुकानात तुकडे मिळतात, अख्खं कातडं घ्यायची गरज न्हाई. तिकडं चामड्याची जाडी औंसात सांगतात, तुमच्या दीड मिलिमीटर फटीला पाच-सहा औंस म्हणून मागा, म्हणजे साधारण सव्वादोन मिलिमीटर. पोटाकडचं नको, ते ढिलं असतंय आणि ओढलं की ताणतंय, पाठीकडचं घ्या. पारख सोपी हाय. तुकडा वाकवून कापलेल्या कडेकडं बघा, आत मधोमध निळसर-करडी रेष दिसली तर ते क्रोमचं, परत करा. सगळीकडं एकसारखा बिस्किटी रंग असला तर बरोबर.

कोल्हापूरला कधी आलात तर माझ्याकडनंच तळाच्या कापातलं चामडं न्या, फुकट, पैसे घेणार न्हाई.

चकती बसली, वाळली, कड तासून झाली की रंग जुळवायला डाय लावू नका. नवी चकती पहिल्यांदा पिवळसर दिसणार, ऊन आणि तेल लागलं की महिन्याभरात गडद होते. नीट्सफूटचा एकच पातळ हात, दुसऱ्या दिवशी मधमाशीचं मेण बोटाच्या उबेनं चोळून लावा, फडक्यानं घासा. मेणानं चामड्यातलं पाणी सावकाश उडतंय, म्हणून पुढच्या हिवाळ्यात फट परत पडायची शक्यता कमी. वर्षातनं एकदा हिवाळा सुरू व्हायच्या आधी मेण, बास.

---

मॅडी_७९

हे वाचून मी पण माझ्या पुढच्या चाकूला चकतीचाच प्रयोग करणार. एक विचारतो, म्यान पण चामड्याचं आहे ना त्याच्यासोबत? त्यातच ठेवायचा का?

---

सिराक्यूजकर

हो, म्यान आहे, शिवण थोडी उसवलीय, रिबिटांच्या भोवती हिरवं काहीतरी साठलंय. आत्तापर्यंत त्यातच होता.

---

ऐरण_हातोडा

तो हिरवा थर म्हणजे पितळेतलं तांबं आणि चामड्यातली चरबी यांची रिअ‍ॅक्शन. लाकडी टूथपिकने खरवडा, जुन्या टूथब्रशने झाडा, पाणी नको. जिथे जास्त तेल घातलं जातं तिथे हे जास्त येतं, तेव्हा रिबिटांजवळ तेल जाऊ देऊ नका.

आणि चाकू म्यानात ठेवू नका, कॅम्पिंगला नेताना घाला, घरी आलं की काढा. चामडं हवेतला ओलावा धरून ठेवतं आणि पकवताना वापरलेली आम्लं त्यात थोडी उरलेली असतात, त्यामुळे कार्बन स्टीलचं पातं आतल्या आत खड्डे पडून गंजतं, बाहेरून कळतही नाही. तुमच्या पात्यावरचे काळे डाग बहुतेक तिथलेच. ते डाग घासून काढू नका, मूळचा करडा थर निघून जाईल. पात्यावर सुती फडक्याने मिनरल ऑइलचा पुसट हात मारा, सुती कापडात सैलसर गुंडाळा आणि म्यान वेगळं ठेवा, एकाच खणात चालेल. म्यानाची शिवण उसवलीय ती मात्र कॅम्पिंगच्या आधी जुन्याच भोकांतून मेणदोऱ्याने शिवून घ्या, नाहीतर पातं कडेतून बाहेर येऊन मांडीला लागेल.